चॅप्टर म्हणजे तहसीलदार

भुईगावात एकनाथरावांना अजूनही सगळे पाटीलकाका म्हणतात. खरं तर त्यांचं पोलीस पाटीलपण संपून कितीतरी वर्षं झाली. साठी भरली तेव्हा गावाने शाल पांघरली, नारळ हातात दिला, चार जण भाषणात रडले, आणि त्यांच्या जागी नवा पाटील काही आला नाही. गाव तोवर महानगरपालिकेत गेलं होतं. पण माणसांच्या जिभेची सवय महानगरपालिकेत जात नाही. कुणाची केळी तोडली गेली, कुणाच्या कुंपणाची काठी हातभर सरकली, की पाय आपोआप पाटीलकाकांच्या ओटीकडे वळायचे.

पोलीस पाटील म्हणजे काही पोलीस नव्हे. त्याला ना गणवेश, ना दंडुका. गावात काही घडलं की ठाण्याला कळवायचं, ठाण्यातून साहेब आले की त्यांना घरं दाखवायची, आणि भांडण ठाण्याच्या पायरीपर्यंत जायच्या आत मिटलं तर मिटवायचं, एवढं त्याचं काम. एकनाथरावांनी ते जीव लावून केलं. तेव्हा वसईचे फौजदार मोटरसायकलवरून भुईगावात यायचे, वाळूत चाक रुतलं की हसत उतरायचे, आणि परत जाताना वाळवलेल्या केळ्यांचा, सुकेळ्यांचा पुडा पिशवीत गेला की पुढच्या खेपेला आठवणीने चव सांगायचे. फौजदाराला गाव ठाऊक होतं आणि गावाला फौजदार.

सुट्टीत ओटीवर पोरं जमली की एकनाथराव त्यांना हे सगळं शिकवायचे. त्यासाठी त्यांनी घरातली जुनी मडकी बाहेर काढून ठेवली होती. सगळ्यात मोठं मडकं खाली, त्यावर जरा लहान, त्यावर आणखी लहान, अशी उतरंड रचायची.

"हे खालचं मोठं मडकं म्हणजे शिपाई आणि हवालदार. त्यावर फौजदार. त्यावर ठाण्याचा इन्स्पेक्टर. त्यावर डीवायएसपी. आणि हे टोकाचं बोळकं म्हणजे ठाणे जिल्ह्याचे एसपी."

एकदा एका पोराने विचारलं होतं, "काका, सगळ्यात मोठा साहेब सगळ्यात लहान मडक्यात का?"

"बोळकं काढ बघू."

पोराने काढलं. उतरंड तशीच उभी.

"आता खालचं काढ."

पोरं खदखदा हसली होती. विचारणाऱ्याचं नाव व्हिव्हियन. शेजारच्या ऑस्करचा मुलगा. असले आडवे प्रश्न विचारायची त्याला खोड होती, म्हणूनच तो एकनाथरावांचा लाडका.

उतरंडीच्या शेजारी, चांगला हातभर लांब, एकनाथराव पितळेचा एक तांब्या ठेवायचे. "हा तहसीलदार. हा उतरंडीत नाही, नीट बघा. भांडखोराला पोलीस पकडतील, पण 'पुन्हा भांडणार नाही' असा बाँड लिहून घेणार हा. याला म्हणतात चॅप्टर केस. पकडणारा वेगळा आणि बांधून घेणारा वेगळा."

पुढे पालघर जिल्हा झाला, तसं एकनाथरावांनी बोळक्याचं नाव बदललं. दोन हजार वीस साली मीरा-भाईंदर आणि वसई-विरारचं मिळून पोलीस आयुक्तालय झालं, तेव्हा तर त्यांनी नवी मडकी आणली. एसपींच्या जागी आयुक्त, खाली परिमंडळांचे उपायुक्त, त्यांच्या खाली सहायक आयुक्त. पोरांकडून नवी नावं पाठ करून घेतली. नायगावच्या नव्या टॉवरांत राहायला आलेल्या भाचीला ते म्हणालेही, "वर पाट्या बदलल्या गं, खाली तेच ठाणं आणि तोच हवालदार." तांब्या मात्र त्यांनी होता तिथेच ठेवला.

या गोष्टीतलं भांडण पाण्यावरून झालं. दिनानाथची वाडी आणि ऑस्करची वाडी यांची विहीर एकच. रहाट होता तेव्हापासून दोन्ही घरांची पाण्याची पाळी ठरलेली: एक दिवस याची, एक दिवस त्याची. रहाट गेला, मोटर आली, ऑस्कर देवाघरी गेला, पण पाळी कुणी मोडली नव्हती. मागच्या महिन्यात व्हिव्हियनने दिनानाथच्या पाळीला मोटर सुरू केली. दिनानाथ फावडं उगारत आला. व्हिव्हियनने फावडं धरलं, ओढाताण झाली, आणि दिनानाथ पाटात आडवा. मनगट मुरगळलं. तो तसाच चिखलाने भरलेला ठाण्यात जाऊन उभा राहिला. पोलिसांनी दोघांनाही समज दिली, आणि पुन्हा मारामारी होऊ नये म्हणून दोघांवर चॅप्टर केस लावली.

आता नेमकी हीच वेळ नडली. व्हिव्हियनला क्रूझ जहाजाच्या स्वयंपाकघरात नोकरी मिळाली होती. ऑस्करच्या आजारपणात वाडी खंगली होती, आई एकटीच्या बळावर किती रेटणार? सगळ्या घराचे डोळे त्या जहाजाकडे होते. एजंटाला पोलिसांचा चारित्र्याचा दाखला हवा होता, तोही याच आठवड्यात. केस लोंबकळत राहिली, त्यात वॉरंट निघालं, तर दाखला अडणार आणि जागा दुसऱ्या कुणाला जाणार.

सोमवारी संध्याकाळी व्हिव्हियनची आई एलिसा त्याला घेऊन ओटीवर आली.

"भाऊ, ठाण्यातून फोन आला होता. उद्या अकराला चॅप्टरला हजर राहा म्हणाले."

"कुठे ते विचारलं नाही मी," व्हिव्हियन म्हणाला. "टेन्शनमध्ये 'हो सर, हो सर' करत राहिलो. परत फोन लावू का?"

एकनाथराव हसले. "अरे, त्यात विचारायचं काय? चॅप्टर म्हणजे तहसीलदार. एवढी वर्षं ओटीवर बसून हेच शिकलास?"

"तसं नाही, काका, पण..."

"पण नाही आणि बीण नाही. एलिसाबाय, तू जाऊन निवांत झोप. मी त्याच्याबरोबर जातो. त्या कचेरीची फरशी माझ्या चपलांनी झिजलीय."

मंगळवारी एकनाथरावांनी इस्त्रीचा पांढरा सदरा चढवला आणि व्हिव्हियनच्या स्कूटरवर मागे बसले. वसईगावात तहसील कचेरीपाशी उतरताना त्यांना कसं अगदी घरी आल्यासारखं वाटलं. इथे ते कितीदा आले होते, कुणाकुणाला घेऊन! बहुतेकांची पुढे सोयरीक नाही तरी बोलचाल झाली होती. काही तर आता हयातही नव्हते. ते थेट आतल्या दालनाकडे निघाले, तर तिथे भलतंच कार्यालय. दाखल्यांसाठी पोरापोरींची रांग. टेबलामागच्या कारकून मुलीने नम्रपणे विचारलं, "काय काम होतं, आजोबा?"

"चॅप्टर केस. अकराची तारीख आहे."

ती गोंधळली. मग मागे वळून कुणाला तरी विचारून आली.

"आजोबा, शांततेच्या बाँडची कामं आता इथे चालत नाहीत. आयुक्तालय झालं ना, तेव्हा ते अधिकार पोलिसांकडे गेले. सहायक पोलीस आयुक्तांसमोर जावं लागेल तुम्हाला. रूळ ओलांडून, पूर्वेला."

एकनाथराव तिच्याकडे नुसते बघत राहिले. तिने पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने, त्यांना ऐकू कमी येतं असं समजून.

बाहेर आल्यावर व्हिव्हियन सरळ गाडीपाशी गेला. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने हेल्मेट घातलं, गाडी सुरू केली आणि मागे न बघताच म्हणाला, "काका, तांब्या उतरंडीत गेला."

"गाडी चालव," एकनाथराव पुटपुटले.

पुलावर हीऽऽ गर्दी. रिक्षा, टेम्पो, शाळेची बस, सगळं एकमेकांना चिकटून उभं. व्हिव्हियन फटीफटीतून गाडी काढत होता आणि एकनाथरावांना त्याची मान मागून दिसत होती, घामाने चिंब. अकरा केव्हाच वाजून गेले होते. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. मी पाट्या बदलल्या म्हणालो. मुलांकडून नावं पाठ करून घेतली. कोण कुणाच्या वर ते सांगितलं. कुणाकडचं काम कुणाकडे गेलं, ते विचारायला मात्र एकदाही ठाण्यात गेलो नाही. आपल्याला सगळं येतं, या भरवशावर बसलो. आणि त्याची किंमत चुकती करणार कोण? ऑस्करचं पोर.

सहायक आयुक्तांच्या कार्यालयात जिना चढून गेले तर बाकावर दिनानाथ बसलेला, मनगटाला पट्टा, शेजारी त्याची सून रीमा. दिनानाथने त्यांच्याकडे बघितलं आणि मान फिरवली. रीमा मात्र पटकन उठली.

"आलात? पाटीलकाका, तहसीलला गेला होतात ना?"

"तुला कसं कळलं?"

"आमचे सासरे पण सकाळी तिकडेच निघाले होते! सदरा घालून तयार. म्हणे चॅप्टर म्हणजे तहसीलदार, पाटलाने शिकवलंय. मी ठाण्यात फोन करून विचारलं म्हणून इकडे आलो, नाहीतर तुम्ही सगळे तिकडेच एकमेकांना चहा पाजत बसला असता." मग तिने आवाज खाली आणला. "मॅडमनी व्हिव्हियनचं नाव पुकारलं. तो नाही. त्या वॉरंट लिहायला सांगत होत्या. तर सासरेच उठले."

"कोण? दिनानाथ?"

"हो ना! म्हणाले, मॅडम, पोरगा पळपुटा नाही. आमच्या गावचा म्हातारा त्याला चुकीच्या कचेरीत घेऊन गेला असणार, थोडं थांबा."

"रीमा, बडबड पुरे," दिनानाथ भिंतीकडे बघत म्हणाला. "मी म्हाताऱ्याची चूक सांगितली. कुणाची बाजू नाही घेतली."

तेवढ्यात आत बोलावणं आलं. टेबलामागे सहायक आयुक्त बसल्या होत्या, नायगावच्या भाचीच्या वयाच्या. खांद्यावर तीन तारे आणि छातीवर नेमप्लेट. एकनाथरावांना राहवलं नाही.

"मॅडम, उशीर झाला तो माझ्यामुळे. मुलाने विचारलं होतं, मीच ऐकलं नाही. पण एक विचारू? आम्ही आत्ता कुणापुढे उभे आहोत? पोलिसांपुढे की मॅजिस्ट्रेटपुढे?"

बाजूचा हवालदार दचकला. मॅडम मात्र हसल्या.

"चांगला प्रश्न आहे. माझ्या आईलाही पडतो. काका, या कामासाठी या खुर्चीला मॅजिस्ट्रेटचे अधिकार दिले आहेत. गणवेश पोलिसाचा आहे, पण दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय मला इथे सही करता येत नाही. आणि माझं चुकलं तर वर दाद मागायला कोर्ट आहे."

"आणि आयुक्तसाहेबांनी सांगितलं, याला बांधा, तर?"

"तरी आधी ऐकावंच लागतं." त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुमच्या वेळी दोन कचेऱ्या होत्या, तेव्हा हे सोपं दिसत असेल. आता सगळं एकाच इमारतीत आहे, म्हणून आम्हाला जास्त सांभाळावं लागतं. पटलं?"

पूर्ण पटलं नव्हतं. पण बाई सरळ बोलली, हे एकनाथरावांना आवडलं. त्यांनी मान हलवली.

मॅडम दोघांकडे वळल्या. "खरंच समेट होत असेल, तर दोघांचा जबाब घेऊन मी हे आजच बंद करू शकते. होत नसेल तर बाँड घ्यावा लागेल आणि पुढच्या तारखा पडतील. जेवणाच्या सुट्टीनंतर सांगा. आणि हो, माझ्या धाकाने समेट नको. तो आठवडाभरही टिकत नाही."

व्हिव्हियनचा चेहरा उतरला. पुढच्या तारखा म्हणजे काय, ते त्याला बरोबर कळलं होतं. दिनानाथ पुन्हा बाकाकडे निघाला, तेव्हा एकनाथरावांनी त्याच्या चांगल्या हाताचं कोपर धरलं.

"बसायचं नाही. चला, चालून येऊ."

"या उन्हात? कुठे?"

"कुठे नाही. नुसतं चालायचं."

पूर्वी ठाण्यातून तहसील कचेरीला जायला एक रस्ता होता. चिंचांच्या सावलीचा, फार लांब नाही. शिपाई पुढे निघायचा आणि मागून एकनाथराव दोन्ही भांडखोरांना घेऊन चालायचे, एक डावीकडे, एक उजवीकडे, स्वतः मध्ये. त्यांचा एकच नियम असे. भांडणाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. बाकी काहीही बोला. पानवेलींना कीड लागली का, पोरीचं कुठे जमलं, यंदा मासळी का महाग. रिकामं चालताना माणूस फार वेळ फुगून राहू शकत नाही, पायांबरोबर श्वासही खाली येतो. कचेरीत पोचेपर्यंत अर्धं काम झालेलं असे. तहसीलदारांना वाटे आपण मिटवलं. एकनाथराव त्यांना वाटू देत.

इथे चिंचा नव्हत्या. गॅरेजं होती, पत्र्याचे गाळे होते, गटारावर फळी टाकून उभी केलेली चहाची टपरी होती. वेल्डिंगच्या ठिणग्या चुकवत तिघं चालले. मधे एकनाथराव.

वळण आलं तसं एकनाथरावांनी विचारलं,

"दिनानाथ, विहिरीतला गाळ यंदा काढला का रे?"

"कोण काढणार?" दिनानाथ गुरगुरला. "काढणारा गेला."

"कोण काढायचा?" व्हिव्हियनने विचारलं.

"तुझा बाप. दुसरं कोण?" दिनानाथ चालता चालता थांबला, मग पुन्हा निघाला. "तो खाली उतरायचा, मी वर दोर धरायचो. खालून शिव्या घालायचा मला, दोर ढिला सोडला म्हणून. चांगल्या शिव्या यायच्या त्याला. चर्चमध्ये वेदीजवळ उभा असला की संत वाटायचा, आणि विहिरीत उतरला की काही विचारू नकोस."

व्हिव्हियन हसला, आणि हसता हसता त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. त्याने तोंड गाळ्यांकडे केलं.

"मला कधी सांगितलं नाही त्याने."

"तू कधी दोर धरलास, म्हणून सांगेल?" दिनानाथने खाकरून घसा साफ केला. "त्याने कधी पाळी मोडली नाही."

एकनाथरावांनी हात वर केला. बोलणं नियमाबाहेर चाललं होतं. पण व्हिव्हियन बोलून गेला होता.

"काका, मी पण मोडली नसती. त्या दिवशी सकाळी मी वाट बघितली. तुमची मोटर लागलीच नाही. त्याच्या आधीच्या पाळीलाही लागली नव्हती. मला वाटलं तुम्हाला पाणी नकोय. मम्मीच्या पानवेली माना टाकत होत्या."

दिनानाथ टपरीवरच्या बाकड्यापाशी आला आणि खाली बसला, जरा जपूनच, एक पाय सरळ ठेवून.

"गुडघा," तो म्हणाला. "सकाळी उठलं की वाकत नाही. विहिरीपर्यंत जाईस्तोवर ऊन वर येतं. घरात सांगितलं नाही. रीमाला कळलं तर घरचे वाडी विका म्हणतील."

"मला सांगायचं ना! मी लावली असती मोटर."

"तुला? तू मला विचारलंस? सरळ बटण दाबलंस. मी काय मेलो होतो?"

"नाही, काका." व्हिव्हियन त्याच्यासमोर उकिडवा बसला. "चुकलं. विचारायला हवं होतं. आणि तुम्हाला ढकललं ते तर... पप्पा असता तर त्याने मला विहिरीत टाकलं असतं."

"टाकलंच असतं," दिनानाथ म्हणाला. "दोर मीच सोडला असता."

एकनाथरावांनी टपरीवाल्याला तीन चहा सांगितले. त्यांना खूप काही बोलायचं होतं. मुलांना समजवायच्या वेळी जसं बोलतात तसं, दोन उदाहरणं देऊन. पण सकाळच्या कचेरीची आठवण अजून ताजी होती. ते गप्प बसले आणि चहा गार होईपर्यंत त्या दोघांचं ऐकत राहिले.

सुट्टीनंतर मॅडमनी दोघांना वेगवेगळं आत बोलावलं. आधी दिनानाथला. बराच वेळ. मग व्हिव्हियनला. एकनाथरावांना बाहेरच बसवलं, आणि तेच बरोबर होतं. दार उघडलं तेव्हा व्हिव्हियनच्या चेहऱ्यावरूनच कळलं. केस बंद. दाखल्याचा अर्ज तो आजच टाकू शकणार होता.

"आईला फोन कर आधी," एकनाथराव म्हणाले.

"केला. रडतेय. म्हणाली, पाटीलकाकांना थँक्यू सांग."

"मला कशाला? मी तर वाट चुकवली."

"तेही सांगितलं मी तिला," व्हिव्हियन म्हणाला.

खाली रीमाने घड्याळ बघितलं. तिला बँकेत परत जायचं होतं. सासऱ्यांना रिक्षात बसवून देते म्हणाली. दिनानाथने रिक्षाच्या भाड्यावरून तोंड वाकडं केलं आणि कुणाकडेही न बघता व्हिव्हियनच्या स्कूटरवर मागे चढायला लागला. गुडघा वाकेना. व्हिव्हियनने गाडी तिरकी केली, काखेत हात घालून त्याला वर घेतलं. दिनानाथने पट्टा बांधलेला हात त्याच्या खांद्यावर ठेवला.

"पाटला, तू रिक्षाने ये," तो म्हणाला. "आणि भुईगाव सांग. नाहीतर तहसीलला नेऊन सोडेल."

रीमा फिसकन हसली. एकनाथरावही हसले.

गाडी निघाली. रस्त्यावर गोंगाट होता तरी दिनानाथचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला. तू जहाजावर गेलास की तुझ्या आईची मोटर लावणार कोण, ती मला सांगणार की मी तिला, आणि उन्हाळ्यात गाळ काढायला माणूस कुठून आणायचा, आधी ते ठरव, मग जा. व्हिव्हियन मान वळवून काहीतरी उत्तर देत होता. एकनाथराव रस्त्याच्या कडेला उभे राहून ऐकत राहिले, गाडी वळणाआड जाईपर्यंत.